नौसैनिकाच्या शौर्यपदकाची नोंद गावासाठी कशी तयार करावी

खानदेशाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे नौदलात आयुष्य घालवलेला माणूसही गावाच्या बोलण्यात ‘मिलिटरीमा व्हता’ एवढाच उरतो. ग्रामपंचायतीच्या फलकासाठी किंवा शाळेच्या स्मरणिकेसाठी अशा माणसाची नोंद करायची असेल, तर ऐकीव गौरवापासून नव्हे, घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून सुरुवात करावी.

घरच्यांच्या संमतीने आणि त्यांच्यासमोरच पदके बाहेर काढून दोन्ही बाजूंचे, फितीचे आणि कडेचे छायाचित्र घ्यावे. कडेवर बहुतेक वेळा सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. हा क्रमांक सर्वांत मोलाचा, कारण ‘एस. पाटील’ एकट्या अमळनेर तालुक्यातच किती निघतील याचा नेम नाही. पदके चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. पॉलिशने कोरीव अक्षरे झिजतात.

पुढचे काम वर्गवारीचे असून बहुतेक चुका येथेच होतात. छातीवरचे प्रत्येक पदक शौर्याचे नसते. 1971 च्या युद्धातील संग्राम पदक त्या काळात सेवेत असलेल्यांना, तर पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार त्या त्या आघाडीवरील सेवेबद्दल मिळाले. ते सन्मानाचेच, पण त्यांना शौर्यपदक म्हणता येत नाही. युद्धातील शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही पदके 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झाली आणि 15 ऑगस्ट 1947 पासून लागू धरली गेली. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी व अर्धी केशरी असते, वीर चक्राची अर्धी गडद निळी व अर्धी केशरी. 1960 मध्ये सुरू झालेल्या नौसेना पदकाची फीत गडद निळी असून तिच्या मधोमध पांढरी रेघ असते. हे पदक कर्तव्यनिष्ठेसाठीही दिले जात असल्याने ते कशासाठी मिळाले हे कागदावरूनच ठरवावे. आजवर नौदलातील कोणालाही परमवीर चक्र मिळालेले नाही, तेव्हा नौसैनिकाच्या नावापुढे कोणी ते लिहायला सांगितले, तर तेथेच थांबून पुन्हा तपासावे.

हुद्दा लहान म्हणून पदक मोठे नसेल, असेही गृहीत धरू नये. 1971 मध्ये महावीर चक्र मिळालेल्या नौदलाच्या वीरांमध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या नौकमांडोंशी निगडित कामगिरी करणारे कमांडर मोहन नारायण सामंत होते, तसेच लीडिंग सीमन या खलाशी हुद्द्यावरचे चिमन सिंगही होते.

पदकाचा पक्का पुरावा म्हणजे भारताच्या राजपत्रातील राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना. ती भाग 1, खंड 1 मध्ये शोधावी आणि केवळ युद्धाचे वर्ष पाहून थांबू नये, कारण 1971 मधील कामगिरीची अधिसूचना 1972 च्या अंकांतही सापडते. सेवेचा तपशील हवा असेल, तर खलाशांचे अभिलेख सांभाळणाऱ्या मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे वारसाच्या सहीने अर्ज करावा. अर्ज कसा लिहावा याबाबत जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते. जुन्या कागदांतील जिल्ह्याच्या नावाने गोंधळू नये. शहादा किंवा तळोद्याच्या नौसैनिकाचा जिल्हा 1971 मध्ये धुळेच होता, नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला. आणि 1960 पूर्वी भरती झालेल्यांच्या कागदांवर पूर्व किंवा पश्चिम खानदेश आढळेल.

मानपत्राचा मराठी अनुवाद करताना जहाजाचे नाव, तारीख आणि कृती मुळाबरहुकूम ठेवावी. ‘शत्रूला पाणी पाजले’ यांसारखी भर घालू नये. वीरगती आणि पदक या दोन नोंदी वेगळ्या लिहाव्यात. 9 डिसेंबर 1971 रोजी बुडालेल्या ‘खुकरी’ या युद्धनौकेवरील 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांनी प्राण गमावले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, परंतु पदक न मिळालेल्याचे नावही फलकावर तितक्याच ठळकपणे ‘युद्धात वीरगती’ असे लिहिता येते.

मजकूर कोरायला देण्यापूर्वी तो घरातल्या आजींना किंवा आबांना मोठ्याने वाचून दाखवावा, कारण गावातले हाकेचे नाव आणि नौदलातले नाव पुष्कळदा निराळे असते. फलकावर दोन्ही द्यावीत, राजपत्रातले आधी.