कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत लेकरू घेऊन येताय? मग हे आधी उरका

आमची अर्धी बॅग भाजणी नि गोड्या मसाल्याने भरली होती आणि मुलीचं लसीकरणाचं कार्ड मात्र पुण्यात सासूबाईंच्या कपाटात राहिलं, त्यामुळे सगळ्यात आधी तेच सांगते, ते कार्ड हँडबॅगेत टाका आणि त्याआधी डॉक्टरांकडून सगळ्या तारखा महिना अक्षरात लिहून टाइप करून घ्या. कारण आपण ४/९ लिहिलं की ४ सप्टेंबर, इथे ते ९ एप्रिल वाचतात. आमच्या क्लिनिकमध्ये तेच झालं, एक डोस पाच महिने आधीच दिल्यासारखा दिसायला लागला आणि तो निस्तरेपर्यंत दोन आठवडे गेले. दुसरं म्हणजे आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात तो गोवराचा डोस इथे शाळेसाठी धरत नाहीत. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात आणि दोन्ही पहिल्या वाढदिवसानंतरचे हवेत. कांजिण्यांचेही दोन लागतात, आणि ती लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, म्हणजे पालिकेच्या दवाखान्यात लसी घेतल्या असतील तर ती बहुतेक राहिलेलीच असते. "लस आम्हाला पटत नाही" हे कारण कॅलिफोर्नियात २०१६ पासून चालत नाही.

या काउंटीत शाळेसाठी टीबीचाही एक वेगळा फॉर्म डॉक्टरांकडून भरून आणावा लागतो. मूल भारतात जन्मलेलं असेल तर टेस्ट सांगतातच, तेव्हा हातावर टोचायची टेस्ट न करता रक्ताची मागा, कारण बीसीजीमुळे हातावरची उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे वगैरे मागे लागतं.

आता वय. १ सप्टेंबरला चार पूर्ण असतील तर सरकारी शाळेत टीके म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) फुकट, २०२५-२६ पासून सगळ्यांना, पाच पूर्ण असतील तर किंडरगार्टन. २ सप्टेंबरचा वाढदिवस असेल तर टीकेला वर्षभर थांबा, म्हणजे अजून एक वर्ष प्रीस्कूलची फी. शाळेची सक्ती मात्र सहाव्या वर्षापासूनच आहे, त्यामुळे टीके नाही मिळालं म्हणून रडत बसू नका.

घर घेताना झिपकोड बघून अजिबात ठरवू नका!! पत्त्यावर सॅन होजे लिहिलेलं असतं पण शाळा कुपर्टिनो युनियन डिस्ट्रिक्टची (डिस्ट्रिक्ट म्हणजे सरकारी शाळांचा विभाग) असते, सनीवेलमध्येही तसंच, रस्ता ओलांडला की डिस्ट्रिक्ट बदलतो. फ्रीमॉंट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट तर फ्रीमॉंट गावात नाहीच, फ्रीमॉंट शेजारच्या अलमेडा काउंटीत आहे. लीजवर सही करायच्या आधी डिस्ट्रिक्टच्या साइटवर अख्खा पत्ता टाकून बघा, आणि वर फोन करून त्या शाळेत जागा आहे का तेही विचारा, कारण शाळा भरली असेल तर मुलाला दुसरीकडे पाठवतात. अ‍ॅडमिशनला लीज, विजेचं बिल, जन्मदाखला किंवा पासपोर्ट लागतो. पासपोर्ट फक्त वयासाठी, व्हिसा कुठला ते शाळा विचारत नाही.

मूल शाळेच्या वयाहून लहान असेल तर डेकेअरच्या वेटलिस्टवर भारतातूनच नाव घाला. सेंटरमध्ये तान्ह्या बाळांना चारांमागे एक माणूस असा नियम आहे, प्रीस्कूलला बारांमागे एक, म्हणून तर बाळांची फी जास्त. घरगुती डेकेअरही असतात, डेकेअर लहान असेल तर जास्तीत जास्त आठ मुलं, मोठं असेल तर चौदा. देसी काकू वरणभात भरवतात म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, लायसन्स नंबर मागा आणि राज्याच्या साइटवर आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट वाचा. मूल तिथे असताना न सांगता आत जाऊन बघायचा हक्क पालकांना आहे, तो वापरा, संध्याकाळी पाचला जा, तेव्हा खरं काय ते दिसतं.

ऑफिसात जॉइन होताना डिपेंडंट केअर एफएसए (डेकेअरसाठी पगारातून टॅक्स न लागता पैसे बाजूला ठेवायची सोय) विचारून घ्या, आधी वर्षाची मर्यादा ५,००० डॉलर होती, २०२६ पासून ७,५०० झालीय. पण दोघंही कमावते, नोकरी शोधणारे किंवा फुलटाइम शिकणारे हवेत, एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या नवऱ्या-बायकोचा व्हिसा) वर्क परमिटशिवाय घरी असाल तर हे विसरा.

शाळेच्या फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता असं विचारतात. बरेच जण घाबरून इंग्लिश लिहितात, मला ते नाही पटत. मराठी लिहिलं तर किंडरगार्टनपासून पुढच्या मुलांची इंग्रजीची एक टेस्ट होते, गरज असली तर जास्तीची मदत मिळते, बस. डबा नाही दिला तरी सरकारी शाळेत नाश्ता आणि जेवण सगळ्यांना फुकट आहे, आमची मात्र अजून पोळीचा रोलच नेते.

शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होतात, तेव्हा आजी-आजोबांचं तिकीट जुलैचं काढा, आणि शाळेतून न्यायला आजी जाणार असेल तर तिचं नाव शाळेच्या इमर्जन्सी कार्डवर घाला आणि तिच्याकडे फोटो आयडी द्या. माझ्या आईला पहिल्याच दिवशी गेटवर अडवलं होतं, नात आतून "आजीऽऽ" म्हणून हाका मारतेय आणि ही बाहेर, हातात टीचरसाठी आणलेला चहाचा थर्मास.