चिन्ह, चिह्न आणि लाल पेन

हिंदीच्या माझ्या पहिल्या प्रुफावर पहिली लाल खूण पडली ती ‘चिन्ह’ या शब्दावरच. हिंदीत तो ‘चिह्न’ असा लिहितात, आधी ह आणि मग न. विरामचिन्हांवरचीच पुस्तिका तपासत होते आणि मथळ्यातच घसरले.

मी कऱ्हाडकडची. शाळेत हिंदी होतं, सिनेमे होतेच, लिपीही एकच. त्यामुळे पुण्यात भाषांतराचं काम मिळालं तेव्हा ‘हिंदी येतं का’ या प्रश्नाला मी छाती पुढे काढून ‘हो’ म्हटलं. लिपी वेगळी असती तर मी पहिल्या दिवसापासून जपून चालले असते. देवनागरीच आहे म्हटल्यावर डोळे निर्धास्त झाले आणि पहिले सहा महिने ह्या निर्धास्तपणाचीच फळं चाखली. या कामात नव्याने येणाऱ्या मराठी मुलामुलींनी तेवढं तरी टाळावं म्हणून हे लिहिते आहे.

चंद्रबिंदूपासून सुरुवात करा. आपण ‘बँक’, ‘बँड’ लिहितो तेव्हा वरची चंद्रकोर ‘अॅ’ची असते आणि टिंब अनुस्वाराचं. हिंदीत मात्र अगदी तशीच दिसणारी ती जोडगोळी म्हणजे नाकातून काढलेला स्वर, ‘अॅ’शी काही संबंध नाही. म्हणून मराठी डोळा ‘हँसना’ बघून ‘हॅन्सना’ वाचतो. मीही भर बैठकीत मोठ्याने तसं वाचलं आहे. बँकेला हिंदीत ‘बैंक’ लिहितात, मॅचला ‘मैच’. ‘हंस’ म्हणजे पक्षी आणि ‘हँस’ म्हणजे हस. ‘पूँछ’ म्हणजे शेपूट आणि ‘पूछ’ म्हणजे विचार. मग ‘में’, ‘मैं’, ‘नहीं’ यांच्यावर चंद्रबिंदू का नसतो? शिरोरेषेच्या वर आधीच मात्रा बसलेली असली की जागेअभावी नुसतं टिंब देतात. ‘चाँद’, ‘मुँह’, ‘आँख’ यांची डोक्यावरची जागा मोकळी असते. बरीच वर्तमानपत्रं सगळीकडे टिंबच देतात. त्यामुळे काम हातात घेतलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘तुमच्याकडे चंद्रबिंदू ठेवतात का?’

हे टिंब शोभेचंही नाही. मराठीने न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी काढून टाकले. आजीच्या पत्रातलं ‘नाहीं’ आपल्यासाठी ‘नाही’ झालं आणि आपल्याला टिंब गाळायची सवय लागली. हिंदीत तेच टिंब अनेकवचन आणि आदर वाहून नेतं. ‘माताजी आई थी’ असं लिहिलंत तर माताजींना अगं-तुगं केल्यासारखं होतं. ‘थीं’ हवं. एका कार्यक्रमपत्रिकेत मी प्रमुख पाहुण्या बाईंचा असा एकेरी उल्लेख छापून आणला होता. कोणी काही बोललं नाही, पण पुढची पत्रिका माझ्याकडे आली नाही.

आता नुक्ता, म्हणजे अक्षराच्या पायाशी बसणारं टिंब. याचे दोन वेगळे संसार आहेत आणि ते वेगळेच शिकावेत. ‘ड़’ आणि ‘ढ़’ हे हिंदीचे घरचे आवाज. तिथे नुक्ता ऐच्छिक नाही. ‘सड़क’, ‘पढ़ना’, ‘डेढ़’ हे नुक्त्याशिवाय चूकच. ‘पड़ना’ म्हणजे पडणं, ‘पढ़ना’ म्हणजे वाचणं, हा फरक तर आणखी निराळा. शब्दाच्या सुरुवातीला मात्र नुक्ता येत नाही, म्हणून ‘डर’, ‘ढोल’. जोडाक्षरात आणि अनुस्वारानंतरही नाही, म्हणून ‘लड्डू’, ‘अंडा’, ‘ठंडा’. इंग्रजीतून आलेला ‘रेडियो’ही साधाच.

दुसरा संसार फारसी-अरबी शब्दांचा. क़, ख़, ग़, ज़, फ़. इथे प्रकाशनागणिक रीत बदलते. काही जण फक्त ज़ आणि फ़ ठेवतात, काही सगळेच काढतात. ‘राज’ म्हणजे राज्य, ‘राज़’ म्हणजे गुपित. ‘सजा’ म्हणजे सजलेला, ‘सज़ा’ म्हणजे शिक्षा. आपल्यालाही ‘जीव’ आणि ‘जाळं’ यांतले दोन ज माहीत असतात, पण त्या अंदाजावर नुक्ते देऊ नका. मी दिले. उर्दू नावं असलेल्या एका निमंत्रणपत्रिकेत मला प्रत्येक ज संशयित वाटू लागला आणि मी सढळ हाताने टिंबं पेरली. त्यात एका ज्येष्ठ गृहस्थांचं आडनाव होतं जलील. ‘जलील’ म्हणजे थोर आणि ‘ज़लील’ म्हणजे नीच, बेइज्जत झालेला. छपाईआधी दोन तास मुद्रितशोधक काकांनी ते पकडलं. ते रागावले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले. तेव्हापासून शंका आली की मी शब्दकोश उघडते आणि कोशातही सापडलं नाही तर नुक्ता देत नाही. राहिलेला नुक्ता खपून जातो, आगाऊ नुक्ता खपत नाही. ‘फिर’, ‘फूल’, ‘फल’ यांनाही लोक हौसेने टिंब देतात. तिथला फ आपल्या ‘फळ’मधलाच.

संगणकावरचा एक घोटाळा मला कोणीच सांगितला नव्हता. ‘ड़’ हे एकसंध अक्षर म्हणूनही टंकता येतं आणि ड अधिक नुक्ता असंही. दिसायला तंतोतंत सारखं. पण काही प्रणालींत शोधायला गेलात तर एक सापडतं आणि दुसरं तुमच्याकडे बघून हसतं. अख्ख्या दस्तऐवजात एकच पद्धत ठेवा. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा कळफलक वापरत असाल तर नुक्ता उजव्या चौकटी कंसाच्या कळीवर आहे, चंद्रबिंदू शिफ्ट-एक्सवर आणि दंड, म्हणजे वाक्याअखेरीची उभी रेघ, शिफ्ट-पूर्णविरामावर.

दंडाचं फार काही नाही. वाक्य संपलं की । द्यायचा. प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम आपल्यासारखेच. संक्षेपासाठी जुन्या वळणाचे लोक ‘डॉ॰’ असं पोकळ वर्तुळ देतात, बाकीचे टिंबावर भागवतात.

आकड्यांनी मात्र मला चकवलं. मराठी माणसाला १, २, ३ म्हणजेच देवनागरी. हिंदी कार्यालयीन कागदावर मी मोठ्या अभिमानाने तेच आकडे घातले आणि सगळे खोडून परत आले. राज्यघटनेच्या कलम ३४३ प्रमाणे संघाची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी, पण शासकीय कामासाठी अंकांचं रूप आंतरराष्ट्रीय, म्हणजे आपण ज्यांना इंग्रजी आकडे म्हणतो ते. १४ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेने भाषेचा प्रश्न मिटवला त्यातली ही तडजोड. बहुतेक हिंदी वर्तमानपत्रंही तेच आकडे छापतात. उत्तरेकडच्या जुन्या छपाईत देवनागरी ५, ८, ९ दिसतात, पण त्यांची वळणं आपल्यापेक्षा निराळी. अ, झ आणि ण यांचीही.

अक्षरी संख्या पाठच करा, दुसरा उपाय नाही. ‘उनतीस’, ‘उनतालीस’, ‘उनसठ’, ‘उनहत्तर’, ‘उनासी’ हे आपल्या एकोणतीसच्या चालीने जातात, म्हणून ८९ साठी मी ‘उननब्बे’ असा शब्द स्वतःच घडवला. ८९ म्हणजे ‘नवासी’, ९९ म्हणजे ‘निन्यानवे’. मुद्रितशोधक काकांनी ‘उननब्बे’भोवती गोल काढून बाजूला नुसतं ‘वाह’ लिहिलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सरावासाठी मी रोज एका हिंदी संपादकीयातला एक परिच्छेद हाताने उतरवून काढायचे आणि मग फक्त टिंबं जुळवून बघायचे, वरची आणि खालची. पहिल्या आठवड्यात एका परिच्छेदात अकरा टिंबं कमी भरली होती. दोन महिन्यांनी एखाददुसरं. त्याच सुमारास आईचा फोन आला, ‘अगं, तुझ्या मेसेजमध्ये प्रत्येक वाक्यामागे काठी का रोवलेली असते?’