मोठं, स्वतःच्या मर्जीचं मांजर घरी आणायचं तर

पिल्लू नको, मोठं मांजरच आणा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तीन-चार वर्षांच्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो. ते मांडीवर येणारं की दोन हात लांब बसणारं, हे त्याला सांभाळणारी माणसं आधीच सांगू शकतात. लांब बसणाऱ्यालाच घर मिळत नाही आणि माझा जीव अशांवरच.

नसबंदी झाली आहे का विचारा. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर बहुधा झालेली असते. तिहेरी लस (मांजरांच्या तीन साथीच्या रोगांवरची), रेबीजची लस, जंताचं औषध हेही दिलंय का विचारा. घरात आधीचं मांजर असेल तर एफआयव्ही आणि एफईएलव्ही या मांजराकडून मांजराला होणाऱ्या विषाणूंची रक्ततपासणी करूनच आणा.

आता खोली. पहिल्या वेळी मला सगळ्यांनी सांगितलं, 'घरभर फिरू दे, आपोआप रुळेल.' गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या घरात भिंत आणि कौलं यांच्यामध्ये वळचणीला फट आहे. चौथ्या दिवशी मी खोलीचं दार उघडं ठेवलं. आमची भाटी, म्हणजे मांजरी, कपाटावरून वाशावर आणि तिथून त्या फटीतून बाहेर. जुलैचा धो धो पाऊस. अकरा रात्री मी बॅटरी घेऊन कुळागरात, म्हणजे घरामागच्या पोफळीच्या बागेत, हाका मारत फिरले. बाराव्या दिवशी ती शेजाऱ्यांच्या गोठ्यात सापडली, पाठीचा कणा हाताला लागत होता. तिला परत यायचं नव्हतं असं नाही. कुठे परत यायचं हेच तिला अजून ठाऊक नव्हतं.

म्हणून एकच खोली, निदान तीन आठवडे. वरच्या फटी जाळीने बंद करा, खिडकीची जाळी हाताने ढकलून बघा. आत एक आडवा खोका ठेवा, तोंड भिंतीकडे. मांजर त्यात किंवा पलंगाखाली दडून बसेल. बसू द्या. हात घालून ओढून काढलंत तर आठवडाभराची कमाई गेली. तुम्ही जमिनीवर बसा, पाठ थोडी तिरकी, आणि पेपर मोठ्याने वाचा. डोळ्यांत रोखून बघू नका. त्याने तुमच्याकडे बघत डोळे सावकाश मिटले तर तुम्हीही तसेच मिटा. आमची भाटी सतराव्या दिवशी आली आणि माझ्या पुढे केलेल्या बोटाला नाक लावून परत गेली. त्या दिवशी मी तिला हात लावला नाही. डोकं, गाल, हनुवटी यांची पाळी नंतर; पोटाला तर तिने सांगितल्याशिवाय नाहीच.

या दिवसांत ताटलीवर लक्ष हवं. मांजर पूर्ण दिवसभर काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं. 'भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत खोटं आहे. तारले-बांगडे उकडून, काटे काढून, मीठ न घालता द्या, पण रोजचं जेवण मांजराच्या खाण्याचंच असू द्या. आणि घरातली पॅरासिटामॉल कधीही नको, अर्धी गोळीसुद्धा मारते.

बाहेर राहिलेल्या मांजराला दुकानातली लिटर, म्हणजे शी-शूसाठीची तयार वाळू, कळत नाही. ट्रेमध्ये परसातली कोरडी माती घाला, मग थोडी थोडी लिटर मिसळत जा. पावसाळ्याआधी मातीची एक गोण पडवीत भरून ठेवा.

बाहेर सोडायचंच असेल तर महिन्यानंतर, जेवणाच्या वेळेआधी, उपाशी पोटी, पाऊस नसताना. दार उघडं ठेवून तुम्ही बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसा आणि पंधरा मिनिटांनी ताटली वाजवा. गणेशचतुर्थीचे दिवस आणि दिवाळीआधीची नरकासुर जाळायची रात्र मात्र, फटाक्यांमुळे, खोलीतच, पंखा लावून, खोका जवळ ओढून.