पाळीआधीची चिडचिड घरच्या घरी कशी सांभाळावी

पाळी यायला आठ-दहा दिवस उरले की भाजीत मीठ जास्त झालं तरी रडू येतं. पोरानं दप्तर दारातच टाकलं की आवाज चढतो, रात्री झोप लागत नाही. मग पाळी येते आणि दोन-तीन दिवसांत आभाळ निवळल्यासारखं होतं. 'काय गं, सारखी चिडायलीस?' असं घरातलं कुणी विचारलं तर काय सांगायचं हे तिलाच ठाऊक नसतं. दर महिन्याला हेच घडत असेल तर त्याला डॉक्टर पीएमएस म्हणतात, म्हणजे पाळीपूर्व त्रास. तो खरा असतो, आणि बऱ्याच जणींना तो औषधाशिवायही आटोक्यात ठेवता येतो.

आधी कारण समजून घ्या. पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी अंडाशयातून बीज बाहेर पडतं. त्यानंतर शरीरात प्रोजेस्टेरॉन वाढतं, आणि पाळी जवळ आली की प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही दोन्ही हार्मोन झपाट्यानं उतरतात. मन स्थिर ठेवणाऱ्या सेरोटोनिनसारख्या मेंदूतल्या रसायनांवर याचा परिणाम होतो. ज्यांना त्रास होतो त्यांच्या रक्तातलं हार्मोनचं प्रमाण बहुधा इतर बायकांइतकंच असतं. फरक इतकाच, की त्यांचा मेंदू या चढउताराला जास्त हळवा असतो. म्हणून 'हार्मोन बॅलन्स करणारी' पावडर विकत घेण्याआधी चार वेळा विचार करा. मुळात जे बिघडलेलंच नाही ते ती काय सुधारणार?

१. दोन महिने रोज रात्री नोंद ठेवा

सगळ्यात जास्त उपयोग याचा होतो आणि सगळ्यात जास्त कंटाळाही याचाच केला जातो. दाते पंचांग ज्या गावातून निघतं त्या सोलापुरात तिथी-वार भिंतीवर लावून ठेवायची सवय घरोघरी आहे. तेच कॅलेंडर घ्या. पाळी सुरू होईल त्या तारखेला गोल करा, तो पहिला दिवस. मग रोज झोपण्याआधी तीन गोष्टींना शून्य ते तीन असे गुण द्या: चिडचिड, उदासी किंवा रडू, आणि झोप. शून्य म्हणजे काही त्रास नाही, तीन म्हणजे दिवस वाया गेला. शेजारी दोन शब्द लिहा. एखादं पान असं दिसेल:

२१ तारीख: चिडचिड २, रडू ०, झोप १. पाणी आलं होतं.
२२ तारीख: चिडचिड ३, रडू २, झोप ३. पोराला मारलं.
२३ तारीख: चिडचिड ३, रडू ३, झोप २. ताईच्या फोनवर भांडण.
२६ तारीख: पाळी. चिडचिड १, रडू ०, झोप ०.

घर माणसांनी भरलेलं असेल आणि हे भिंतीवर नको असेल तर नुसते ठिपके द्या, नाहीतर मोबाइलमध्ये लिहा. मात्र लिहायचं त्याच रात्री. आठवड्यानंतर आठवून लिहिलं की मनाला वाटेल तसं चित्र तयार होतं. डॉक्टरही निदान करताना सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात ती याचसाठी.

दोन महिन्यांनी पान समोर धरा. मोठे आकडे पाळीआधीच्या आठवडा-दहा दिवसांत एकवटले असतील आणि पाळी संपल्यावर निदान एक आठवडा स्वच्छ जात असेल, तर हा पाळीपूर्व त्रासच आहे आणि पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. दोन आणि तीनचे आकडे महिनाभर विखुरलेले असतील तर कारण दुसरं असू शकतं. थायरॉइड, रक्त कमी असणं किंवा नैराश्य यांतलं काही असेल तर त्यावर वेगळे उपचार लागतात.

२. त्या आठवड्यातली कामं हलवा

तारखा कळल्या की अर्धी लढाई घरातल्या कामांच्या मांडणीत जिंकता येते. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि पाण्याचा दिवस म्हणजे बाईसाठी दुप्पट कामाचा दिवस: पिंपं धुणं, भरणं, कपड्यांचा ढीग, फरशी. तो दिवस आपल्या हातात नाही. पण तो नाजूक आठवड्यात येणार असेल तर त्या दिवशी दुसरं मोठं काम ठेवू नका. दळण, पापड-कुरडया, माळा आवरणं, पाहुण्यांना जेवायला बोलावणं, भिशीचा हिशेब ही सगळी कामं पाळीनंतर करता येतात. कागदावर दोन रकाने करा, हलणारी कामं आणि न हलणारी कामं. हलणारी कामं बहुतेकींच्या अंदाजापेक्षा जास्त निघतात.

बिडी करणाऱ्या बाईला मजुरी दर हजार बिड्यांमागे मिळते. यंत्रमागाच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यातल्या बाईचंही तसंच, खाडा पडला की पैसे गेले. 'त्या दिवसांत विश्रांती घ्या' हा सल्ला तिच्या काय कामाचा? तिच्या बाबतीत हलवायचं असेल तर घरातलंच काम हलवावं लागेल, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागेल.

स्वयंपाकाची सोय तर सोलापुरात हाताशीच आहे. ज्वारीच्या कडक भाकरीची एक चवड आधीच करून किंवा विकत आणून ठेवा. नीट वाळलेली कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. तीन गुणांच्या संध्याकाळी भाकरी, दही, शेंगाची चटणी आणि कांदा-काकडी ताटात घेतली की पोटभर जेवण झालं, गॅस पेटवायलाही नको. फक्त त्या दिवसांत अंग सुजल्यासारखं, पोट फुगल्यासारखं वाटत असेल तर मिठाकडे लक्ष द्या. चटणी दह्यात कालवून थोडीच घ्या, लोणचं-पापड बाजूला ठेवा.

३. घरातल्या एका माणसाला आधीच सांगा

डोकं तापल्यावर दिलेलं स्पष्टीकरण कुणी ऐकून घेत नाही. पाळी संपून मन शांत असलेला दिवस निवडा, थोडक्यात सांगा आणि एकच नेमकी मागणी करा. 'मला समजून घ्या' यातून समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. असं सांगून बघा:

'अहो, वीस तारखेनंतर आठवडाभर माझं डोकं लवकर तापतं. दोन महिने लिहून बघितलंय. त्या दिवसांत रात्रीची भांडी तुम्ही घासा. आणि मी खोलीत जाऊन बसले तर मागे येऊन काय झालं, काय झालं विचारू नका. दहा मिनिटांनी मी आपणहून येते.'

सासूबाईंना सांगणं अवघड वाटतं, पण निम्मं काम त्यांच्याच हातात असतं. 'आई, तुम्हाला व्हायचं का हो असं, पाळीच्या आधी?' असं विचारून सुरुवात करा. त्यांच्या काळात हे बोलायची सोय नव्हती, म्हणून एकदा विषय निघाला की त्याही पुष्कळ बोलतात. घरात वयात आलेली मुलगी असेल तर हे तिच्यासमोर बोला. तिला पुढे कामाला येईल.

त्या आठवड्यात मनाला जे खुपतं ते बऱ्याचदा खरं असतं. सगळी कामं तुमच्यावरच पडतात, माहेरच्या माणसांचा मान ठेवला जात नाही, पगार विचारल्याशिवाय कळत नाही. या गोष्टी महिनाभर तशाच असतात, एरवी तुम्ही त्या गिळता. पाळीआधी गिळायची ताकद कमी पडते, एवढंच. म्हणून तेव्हा जे वाटलं ते लिहून ठेवा आणि पाळीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी परत वाचा. तेव्हाही ते पटलं तर शांतपणे, पण नक्की बोला. आणि घरातल्या पुरुषांना कळकळीचं सांगणं: बाई काही बोलली की 'पाळी आली वाटतं' म्हणून तिचं तोंड बंद करू नका. असं एकदा म्हटलं की ती पुन्हा विश्वासानं सांगायची नाही.

४. ताटात काय असावं

पाळीपूर्व त्रासात कॅल्शियमचा उपयोग होतो याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. १९९८ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत बायकांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं. तिसऱ्या पाळीपर्यंत त्यांचा त्रास जवळजवळ निम्म्यावर आला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांनाही थोडा फरक पडला होता, पण तो यापेक्षा कमी होता. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात हे यातून लक्षात घ्या. गोळीआधी ताट बघा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम, पेलाभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे आणि मोठा चमचाभर न सोललेल्या तिळात शंभराच्या आसपास कॅल्शियम असतं. भोगीला आपण भाकरीला तीळ लावतोच, ते वर्षभर लावायला काय हरकत आहे? सकाळी नाचणीची आंबील, दुपारी दही किंवा ताक, तीळ लावलेली ज्वारीची भाकरी, शेवग्याची नाहीतर राजगिऱ्याची भाजी एवढ्यात बरीच मजल मारता येते. गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः मूतखडा होऊन गेला असेल तर.

पोट फार वेळ रिकामं ठेवू नका. चार तास झाले की फुटाणे, भाजलेल्या शेंगा, एखादं फळ असं काहीतरी खा. आपल्याकडे सिद्धेश्वरांचा सोमवार बऱ्याच जणी धरतात, श्रावणात तर विचारूच नका. उपवास नाजूक आठवड्यात आला तर नुसत्या साबुदाण्यावर आणि चहावर दिवस काढू नका. दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा, फळं उपवासालाही चालतात. गोड खावंसं वाटलं तर जेवणानंतर खा. चहा दुपारी तीन-चारनंतर बंद करा. त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं आणि रात्रीची झोप मोडतं.

५. चाला

आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं, आणि तेही महिनाभर. त्रास सुरू झाल्यावर चार दिवस चालून फार काही होत नाही. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात, कंबर तलावाकडे किंवा आपल्याच कॉलनीत चाला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका. बाहेर पडणं जमत नसेल तर गच्चीवर फेऱ्या मारा. बिडीचं सूप मांडीवर घेऊन किंवा शिलाई मशिनवर वाकून दिवस जात असेल तर तासाभरानं उठून खांदे-कंबर मोकळी करा.

६. झोप

बीज बाहेर पडल्यानंतर पाळीपर्यंत शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वाढलेलं असतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा, मग झोप कशी लागणार? झोपण्याआधी थंड पाण्यानं अंघोळ करा, निदान हातपाय-मान पुसून घ्या. सुती गाऊन घाला, जाड गादीऐवजी सतरंजीवर झोपून बघा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. झोपेची वेळ रोज तीच ठेवली तर फरक लवकर पडतो.

७. राग आलाच तर त्या क्षणी

गॅस बंद करा आणि स्वयंपाकघरातून बाहेर या. 'मी दहा मिनिटांनी बोलते' एवढंच म्हणा. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा अंक मोजत सोडा, असं पाच मिनिटं. भ्रामरी येत असेल तर ती करा. पोरावर हात उचलला गेला असेल तर राग उतरल्यावर त्याला जवळ घेऊन सरळ सांगा, 'चूक माझी झाली, तुझी नव्हती.'

काय घेऊ नये

पाळीपूर्व त्रासावर व्हायटेक्स नावाच्या वनस्पतीचा उल्लेख इंटरनेटवर सापडतो. ती भूमध्य समुद्राकडची आहे. आपली निर्गुंडी त्याच कुळातली असली तरी वेगळी, तेव्हा ते वाचून निर्गुंडीचा काढा पिऊ नका. आणि खुद्द ते व्हायटेक्ससुद्धा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा दिवस राहण्याची शक्यता असताना मनानं घेऊ नये. व्हिटॅमिन बी-६ च्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते. ओवा-जिऱ्याचं कोमट पाणी प्या, पोटाला बरं वाटतं. त्यानं मूड सुधारेल अशी आशा मात्र ठेवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावं

तीन महिने हे सगळं करूनही कामावर, नात्यांवर परिणाम होत असेल तर जा. चाळिशीनंतर त्रास अचानक वाढला तरी जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, आणि त्या थकव्यानं चिडचिड आणखी वाढते.

थोड्या बायकांना याचं फार तीव्र रूप होतं, त्याला पीएमडीडी म्हणतात. त्यात पाळीआधी जगणंच नकोसं वाटतं, जीव द्यावा असे विचार येतात, आणि पाळी आली की ते ओसरतात. ओसरतात म्हणून पुढच्या महिन्याची वाट बघत बसू नका. असे विचार आले तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. हा फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. यावर चांगली औषधं आहेत. काही जणींना ती फक्त पाळीआधीचे दोन आठवडे घ्यावी लागतात, बाकीचे दिवस नाही. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत. दोन महिन्यांच्या नोंदी सोबत न्या, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच पाळीच्या तारखा सांगा.