सड्यावरचा मूक वेस्टर्न : लाल माती आणि खिडकीतली आगगाडी

मूक जमान्यातला वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार आणि दरोडेखोरांचा अमेरिकी धाटणीचा चित्रपट, गोव्यात उभा करायचा तर माडांपेक्षा जास्त त्रास माती देते. माड चौकटीबाहेर ठेवता येतात, माती नाही. त्या काळच्या फिल्मला निळा दिसे, हिरवा थोडाफार, लाल जवळजवळ नाहीच. त्यामुळे सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, तांबडी माती काळीभोर येते, आकाश पांढरंफटक होतं आणि तपकिरी घोडा जमिनीत विरघळतो. घोडा पांढरा किंवा करडा घ्या. जीन्स फिकी दिसेल, लाल रुमाल काळा. उन्हाने तांबूस झालेले चेहरेही काळवंडतात, म्हणून मेकअपचा हात फिकट पिवळसर हवा.

डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रण रंगीत करा. संकलनात कृष्णधवल करताना लाल ०, हिरवा ३०, निळा ७० टक्के ठेवा. मेख अशी की मोबाइलच्या व्हिडिओत सगळ्यात जास्त कचरा निळ्या चॅनलमध्येच असतो. बिटरेट (सेकंदाला साठवली जाणारी माहिती) कमी असला तर आकाशात चौकोन उमटतात, आणि ते फिल्मच्या दाण्यासारखे अजिबात दिसत नाहीत. बिटरेट सर्वांत वरचा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) सर्वांत खालचा.

वेग सेकंदाला १६ चौकटी (फ्रेम). ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. अमेरिकी दिग्दर्शक एडविन पोर्टरचा १९०३ चा मूक वेस्टर्न ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ सुमारे ७४० फुटांचा. या हिशेबाने बारा मिनिटांचा. ४८ चौकटींनी चित्रण करून प्रत्येक तिसरी ठेवा. २४ च्या टाइमलाइनवर दर दुसरी चौकट दोनदा दाखवा, नाहीतर माणसं दीडपट वेगाने पळतील. लोकांना मूकपट म्हणजे हेच वाटतं, पण दरोडा हास्यास्पद होतो.

पोर्टरसारखा तारघराचा प्रसंग घ्यायचा तर तारघराच्या भिंती उघड्यावर, उन्हात उभ्या करा आणि वर पांढरं मलमल ताणा. उत्सवी नाटकांचे पडदे रंगवणारा कारागीर मिळाला तर बाकी शोधाशोध नको. कपाटं, फळ्या, सगळं रंगवूनच घ्या. कापड मात्र मागून वाशांना ठोका. वाऱ्याने भिंत हलली की संपलं.

पोर्टरच्या तारघरात खिडकीबाहेर गाडी दिसते, ती दुहेरी मुद्रणाने, म्हणजे दोन चित्रणं एकाच चौकटीत एकत्र करून. खिडकीमागे दोन फुटांवर, सावलीत, काळी मखमल टांगा. साधं काळं कापड उन्हात राखाडी पडतं आणि गाडी धुरकट होते. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून प्रसंग घ्या. मग तीच लेन्स, तीच उंची, ऊन त्याच बाजूने, अशी गाडी टिपा. संकलनात गाडीच्या चित्रणाचा खिडकीएवढा भाग सोडून बाकी काळं करा आणि दोन्ही थर ‘स्क्रीन’ मोडमध्ये (यात काळा भाग पारदर्शक होतो) एकमेकांवर ठेवा. नटाने खिडकीपुढून जायचं नाही. तारमास्तरचं डोकं आडवं आलं तर गाडी त्याच्या कवटीतून धावते! वाफेचं इंजिन मिळणार नाही, तेव्हा इंजिन दाखवूच नका. मालगाडीचे बंद डबे पुरतात. ते रेल्वेची परवानगी काढून फलाटावरून घ्या. रुळांवर उतरू नका.

बाहेरच्या प्रसंगांना जानेवारी ते मार्च, सकाळी आठ ते दहा. तेव्हा सड्यावरचं गवत वाळलेलं असतं. बंद चिरेखाणीचा (जांभा दगडाच्या खाणीचा) कडा दरीसारखा दिसतो, पण यंत्राच्या सरळ रेघा लगेच ओळखू येतात. पावसाने झिजलेला कोपरा शोधा, आणि खाणीत पाणी असेल तर काठावर घोडा नेऊ नका. चित्रीकरणाच्या परवानगीसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा. घोड्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी वेगळी. पिस्तुलं खेळण्यातली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवा.

कॅमेरा जागचा हलवू नका. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, पायाखाली थोडी जमीनही.

गोळीच्या धुरासाठी पिस्तुलाच्या नळीत चमचाभर टाल्कम पावडर भरा आणि बाहीत लपवलेल्या रबरी फुग्याने फुंकर मारा. पीठ वापरू नका, ते ठिणगीने पेटतं. त्या काळी काही प्रतींवर धूर हाताने रंगवत. एक झोत सेकंदभर टिकतो, म्हणजे रंगवायच्या चौकटी सोळाच. पिवळ्यावर थोडा नारिंगी द्या. रेषा नेमकी पाळू नका. हाताने लावलेला रंग धुराबाहेर सांडतोच.