निघायची वेळ नको, परतायची वेळ बघा

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हर्णैला आमची बोट आहे. भावोजी तिचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. रोज संध्याकाळी लिलाव आटोपला की समुद्राचा अंदाज बघून त्यांना कळवायचं काम माझ्याकडे असतं. बंदरातल्या इतर घरांतल्या मुली-सुना विचारतात, "वहिनी, मोबाइलवर एवढे आकडे असतात, त्यातलं नेमकं बघायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहाटे चारला समुद्र कसा असेल, एवढंच बघून भागत नाही. पावसाळा सोडला तर पहाट बहुतेक वेळा निवांतच असते. मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी तेलासारखं असतं. बोट परत येईल तेव्हा वारा कुठला, लाट कुठली आणि पाणी भरतीचं की ओहोटीचं, हे बघायचं. हर्णै उघडं बंदर आहे. हवा बिघडली की आसरा आंजर्ल्याच्या खाडीत, आणि त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला. भर समुद्रात तगलेली बोट तिथे उलटू शकते.

मी दोन ठिकाणी बघते. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राचा समुद्रस्थितीचा अंदाज, म्हणजे लाट, वारा आणि प्रवाह तीन-तीन तासांच्या टप्प्याने. आणि हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना. त्यात आपलं पाणी 'दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारा' या नावाखाली येतं आणि खोल गेलं की 'पूर्व-मध्य अरबी समुद्र'. दुसऱ्याच भागाचा इशारा वाचून घाबरू नका आणि आपल्या भागाचा चुकवू नका. बुलेटिनवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलं असेल तर वेळेत साडेपाच तास मिळवा.

आता लाटेची उंची. दोन मीटर लिहिलं म्हणजे सगळ्या लाटा दोन मीटरच्या, असं नाही. सगळ्यांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. काही तासांत एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते, म्हणून दोनला मनात चार धरूनच चालायचं.

उंचीपेक्षा मी आधी बघते तो सेकंदांचा आकडा, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती वेळाने येते ते. बरेच जण नेमका तोच सोडून देतात. समजा, एका दिवशी लाट १.८ मीटर आणि ६ सेकंद आहे, दुसऱ्या दिवशी १.४ मीटर आणि १५ सेकंद. कागदावर दुसरा दिवस बरा वाटतो. बाहेर खोल पाण्यात तो खरंच बरा असतो, बोट हळू वर जाते, हळू खाली येते. पण ६ सेकंदांची लाट इथल्याच वाऱ्याने उठवलेली, जेमतेम ५५ मीटर लांबीची. १५ सेकंदांची लाट साडेतीनशे मीटर लांब. तिला तळ लवकर लागतो, आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात ती उभी राहते आणि फुटते. खाडीच्या तोंडाशी १.४ मीटरची ही लाट १.८ वालीपेक्षा कितीतरी वाईट. १२ सेकंदांच्या वर आकडा गेला की मी भावोजींना मुद्दाम सांगते.

ही लाट येते कुठून? एप्रिल-मेमध्ये नैऋत्येकडून लांब लाट आली, तर तिचं वादळ बहुधा खाली दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटरवर झालेलं असतं. तिथून इथे पोचायला पाच-सहा दिवस लागतात. म्हणूनच आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तरी किनाऱ्यावर पाणी आदळत असतं. हिवाळ्यात लाट वायव्येकडूनही येते, इराणच्या आखातातल्या शमाल वाऱ्याने उठलेली. दिशा वाचताना एक ध्यानात ठेवा. वारा आणि लाट कुठून येतात ती दिशा लिहितात, प्रवाह मात्र कुठे जातो ती. यात गडबड झाली तर जाळं भलतीकडे वाहत जाईल.

यानंतर पाणी. मामंजी अजून तिथीची पाऊणपट करतात आणि ते अगदी कामाचं आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी संपते. म्हणजे चतुर्थीला संध्याकाळी सहाला बोट खाडीत शिरायला आली तर पाणी जोरात बाहेर ओढत असणार, समोरून लांब लाट आत येत असणार, आणि दुपारपासून चढलेला वायव्येचा वारा वर. ओहोटीच्या पाण्यावर लाट आपटली की ती अजून उभी होते. अशा दिवशी तीनच्या आत या, नाहीतर पुढची भरती लागेपर्यंत बाहेर खोल पाण्यातच थांबा.

वाऱ्याचा हिशोब सोपा. नॉट्सला दोनने गुणलं की अंदाजे ताशी किलोमीटर मिळतात. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे १० आणि २० नॉट्समधला फरक आकड्यात दिसतो त्याहून फार मोठा आहे.

मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेगळीच सावधगिरी लागते. लक्षद्वीपच्या आसपास कमी दाबाचं क्षेत्र असा शब्द दिसला की बोट लांब पाठवायची नाही. कमी दाब, डिप्रेशन, डीप डिप्रेशन आणि ३४ नॉट्सला चक्रीवादळ, हा सगळा प्रवास दोन-तीन दिवसांत होऊ शकतो. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं तेव्हा किती बोटी बाहेर होत्या ते किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडची घरं-बागा गेल्या. नकाशातली रेघ ही वादळाच्या मध्याची असते, वारा तिच्या दोन्ही बाजूंना लांबवर पोचतो. रेघ रायगडला दाखवली म्हणून रत्नागिरी मोकळी असं समजू नका.

मोबाइलमध्ये हवेचा दाब दिसत असेल तर आमच्याकडचं एक वैशिष्ट्य माहीत हवं. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा आपोआप चढतो-उतरतो, सकाळी-रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे-दुपारी चारच्या सुमाराला कमी. दुपारी उतरला म्हणून घाबरायचं नाही. कालच्या चारशी आजचे चार ताडून बघा. तीन हेक्टोपास्कलने खाली असेल तर काहीतरी शिजतंय.

बंदरावरचा वादळाच्या इशाऱ्याचा बावटा या सगळ्याच्या वर. १ आणि २ नंबर म्हणजे वादळ लांब समुद्रात. ३ नंबर म्हणजे सोसाट्याचा वारा आपल्याच बंदराला. ३ लागला की मी कुठलाच अंदाज उघडत नाही, बोट थांबते.

आणि कळवताना "हवा बरी आहे" असं कधीच सांगू नका, आकडे सांगा. माझा निरोप असा असतो: "लाट १.४, सेकंद १५, नैऋत्य. दुपारी दोननंतर वायव्य १८ नॉट्स. भरती तीनला. आंजर्ल्याला तीनच्या आत." भावोजी तोच निरोप मला परत म्हणून दाखवतात. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच मैलांपर्यंत, म्हणून हे सगळं बोट सुटण्याआधीच. पुढे व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबर चॅनेल चालू ठेवायचं, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात रंगवून ठेवायचा.