नवतपातलं रेंडर आणि माझी वॅटची वही

विदर्भातली लग्नं भर उन्हाळ्यातच का काढतात, ते मला अजून समजलेलं नाही. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. नागपुरात मानेवाड्याकडे घर, कामाची खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. काम सगळ्यात जास्त असतं तेव्हाच खोली सगळ्यात जास्त तापलेली असते. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेवढं काही दरवर्षी होत नाही, पण ४४ ला इथे कोणी मान वर करून बघतही नाही. आणि बऱ्याच लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की कमाल ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. मे महिन्यात माझ्या खोलीत ३५ म्हणजे पहाटेचा गारवा, राजेहो.

माझ्याकडे इंटेलच्या कोअर आय७-१२७००एच प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. १४ कोअर, त्यातले ६ दणकट आणि ८ काटकसरी. कागदावर मूळ पॉवर ४५ वॅट, जोर लावला की ११५ वॅटपर्यंत. तीन उन्हाळे त्यानं काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मावशी, हा काहून एवढा ओरडून राहिला?" तोवर मी पंख्याच्या आवाजाला सरावले होते. पण २२ मिनिटांचा हायलाइट रेंडर व्हायला, म्हणजे एडिट झाल्यावर त्याची शेवटची फाइल तयार व्हायला, ४१ मिनिटं लागतात, हे घड्याळात बघितलं आणि मग लॅपटॉप तापून मंद का होतो ते शोधायला बसले.

सुरुवात मोजण्यापासून करा. हातानं चाचपून काही कळत नाही. कीबोर्ड गरम लागणं आणि प्रोसेसर तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फक्त सेन्सर उघडा. बघायच्या ओळी चारच: सीपीयू पॅकेजचं (म्हणजे अख्ख्या प्रोसेसरचं) तापमान, पॅकेज पॉवर किती वॅट, कोअरचा वेग, आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर (म्हणजे तापल्यामुळे वेग कमी होतोय का, त्यासमोर) 'येस' आलंय की 'नो'. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी लावा. पहिल्या मिनिटाचे आकडे सोडून द्या, त्यात प्रोसेसर नुसता उड्या मारतो. शेवटच्या पाच मिनिटांतले लिहून घ्या. आणि लॅपटॉपशेजारी भिंतीवरचं साधं थर्मामीटर ठेवा. गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे ठेवू नका, ती चूक मी केली आणि दोन दिवस खोली ५१ अंशांवर आहे असं समजत होते.

खोलीचं तापमान कशाला, असं सगळे विचारतात. कारण नागपुरात तेच सगळ्यात जास्त बदलतं. डिसेंबरच्या पहाटे खोली १८ वर, मे महिन्यात ४०. एवढा फरक असताना "माझा प्रोसेसर ९० वर जातो" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय १२७००एच ची मर्यादा १०० अंश आहे. तिथे टेकला की तो आपणहून वेग कमी करतो, जळत वगैरे नाही. म्हणजे धूळ थोडी असो की पाव किलो, आकडा ९९-१०० वरच अडकलेला दिसणार. खरी गोष्ट वॅटमध्ये कळते. (इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर असणाऱ्यांनी आपली मर्यादा बघून घ्या. रायझन ७ ५८००एच ची १०५ आहे, ६८००एच ची ९५. मैत्रिणीच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघण्यात काही हशील नाही.)

माझा हिशेब असा. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं वजा करायचं आणि उरलेल्याला वॅटनं भागायचं. एका वॅटमागे किती अंश चढतात ते निघतं. त्या दिवशी प्रोसेसर ९९, खोली ३८, पॉवर ४२ वॅट. ६१ भागिले ४२, म्हणजे १.४५. हा आकडा वहीत लिहिला. पुढे जे काही केलं, त्यानंतर हाच आकडा परत काढला. ऋतू बदलला तरी तो फारसा हलत नाही, म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो. मात्र मोजताना फक्त प्रोसेसरवर काम टाका. माझ्या लॅपटॉपात ग्राफिक्स चिपही त्याच तांब्याच्या नळ्यांवर बसली आहे. तीही तापली की हिशेब बिघडतो.

आता फुकटातले उपाय. मागची बाजू दोन इंच उचला. मी लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवल्या, तेवढ्यानं त्याच वॅटला चार अंश उतरले. पंख्यांचं कूलिंग पॅडही आणलं होतं, त्यानं आणखी दोनच उतरले आणि आवाज वाढला, म्हणून ते भाच्याला दिलं. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवून रेंडर लावणाऱ्यांशी मी बोलत नाही.

कूलरबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण इथे प्रत्येक घरात तो आहे आणि प्रत्येकाला तो लॅपटॉपकडे वळवावासा वाटतो. मे महिन्यातली आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर खोली सहज आठ-दहा अंशांनी उतरवतो आणि वॅट तेवढेच असतील तर तेवढेच अंश प्रोसेसरचेही उतरतात. खोली गार करण्यासाठी कूलरसारखा स्वस्त उपाय नाही. पण झोत अंगावर घेऊ नका. ताट्या नव्या असल्या आणि पंप जोरात असला की बारीक तुषार उडतात, आणि आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या जाळीवर पांढरे ठिपके दिसायला लागले, तेव्हा मी ते धूळ समजून पुसले. आतल्या यूएसबीच्या खाचेत तोच पांढरा थर आणि खाली हिरवट गंज निघाला. तेव्हापासून कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंड छताकडे, समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद ठेवली तर खोलीत दमट कोंदटपणा साचतो आणि कूलर कामाचा राहत नाही. जुलैत हवा आधीच ओली असते, तेव्हा तो बंदच बरा.

दुसरं म्हणजे वेळ. गच्चीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत ओकतो. रात्री नऊला आमची खोली दुपारइतकीच तापलेली असते. म्हणून मोठी रेंडरं मी पहाटे चारला लावते, तेव्हा खोली सगळ्यात गार असते. गजर लावून उठायची गरज नाही, विंडोजच्या टास्क शेड्युलरनं काम होतं; पण मी उठते, कारण चहा मला करायचाच असतो.

आता उघडण्याकडे वळू. वॉरंटी असेल तर आधी तिची अट वाचा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, स्लीपवर नाही. चार्जर काढा, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, मागचं झाकण काढलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. स्क्रू कुठला कुठून निघाला ते कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्यावरच चिकटपट्टीनं लावून ठेवा. लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर बोर्डापर्यंत पोचू शकतो.

धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते तेवढी खरी नसते. पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या यांच्या मधल्या फटीत ती बसते, नमद्यासारखी, आणि बाहेरून जाळीत फुंकर मारली तर आणखी घट्ट होते. आमच्याकडे गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला त्या वर्षीची ती पांढरी भुकटी, देवघरातल्या उदबत्तीची काजळी आणि खालून येणारा फोडणीचा धूर, सगळं मिळून एक चिकट पट्टी निघाली, चिमट्यानं अख्खी उचलता आली. पंखा काढूनच साफ करा. हवा मारायची तर पातं बोटानं धरून, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरकडे नेऊ नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. मऊ ब्रश पुरतो. एवढ्यावरच माझा आकडा १.४५ वरून १.१५ वर आला. इथे थांबलात तरी चालेल. पुढचं काम ज्याचा हात स्थिर आहे त्यानंच करावं.

पेस्ट, म्हणजे चिप आणि तिची उष्णता ओढणारा धातूचा हीटसिंक यांच्या मधला लेप. पहिल्यांदा मी ती सीताबर्डीवरच्या एका दुकानात बदलून घेतली होती. चार महिन्यांत परत तेच. दोष पूर्ण त्यांचा म्हणता येणार नाही, कारण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर वरचं धातूचं झाकण नसतं. उघडी चिप तापते-निवते, हीटसिंक किंचित हलतो आणि पातळ पेस्ट कडांना ढकलली जाते, मधे कोरडं राहतं. त्यामुळे दाट पेस्ट घ्या, नाहीतर हनीवेलची पीटीएम७९५० ही शीट. ती साधारण ४५ अंशांना मऊ होते आणि चिपवर नीट पसरते. मे महिन्यात मागवली तर कुरियरच्या गाडीतच मऊ होऊन यायची, म्हणून मी थंडीत मागवली. लावण्याआधी थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवली की वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा न फाटता निघतो.

हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. घट्ट करताना त्याच क्रमानं, सोडवताना उलट्या, आणि एकेक स्क्रू एकदम न पिळता सगळे थोडे थोडे. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिलनं पुसा. आजूबाजूच्या मेमरीवर रबरासारखे थर्मल पॅड असतात, ते फाटले तर त्याच जाडीचे घ्या. जाड पॅड बसवलात तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही आणि सगळी मेहनत पाण्यात. काही महाग लॅपटॉपांत कंपनीच चांदीसारखा द्रव धातू लावून देते. तो दिसला तर झाकण परत लावा. तो वीज वाहतो, ॲल्युमिनियम खातो, एक थेंब घरंगळला की बोर्ड गेला.

शीटनंतर आकडा ०.९३. खोली ३६, पॉवर ६० वॅट, प्रोसेसर ९२.

आता खरी गंमत. ०.९३ हातात आल्यावर पॉवर किती द्यायची ते उलट काढता येतं. मला प्रोसेसर ८६-८७ च्या वर नको. मे महिन्यात खोली ४० धरली, तर ५० वॅट गुणिले ०.९३ म्हणजे ४६.५, बेरीज ८६.५. डिसेंबरात खोली २०, तर ७० वॅट दिले तरी ८५. म्हणून थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसरची पॉवर बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये मी दोन प्रोफाइल केल्यात, एकाचं नाव 'मे', दुसऱ्याचं 'डिसेंबर'. पीएल१ म्हणजे सतत मिळणारी पॉवर, पीएल२ म्हणजे थोडा वेळ मिळणारी. टीपीएल खिडकीत दोन्ही बदलता येतात. काही कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कस्टम' मोडखाली हेच असतं. ७० वरून ५० वॅटवर आले तर रेंडर ३० मिनिटांऐवजी ३३ वर गेलं, एवढंच. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी चिपला व्होल्टेज वाढवून द्यावं लागतं आणि उष्णता त्या व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते.

व्होल्टेजच कमी करावं, म्हणजे अंडरव्होल्टिंग, हे सगळ्यात छान होतं. माझ्या जुन्या आय७-९७५०एच वर मी ते काही महिने वापरलं. मग डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, बायोसच्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) एका अपडेटनंतर माझी ती सोय कुलूपबंद झाली, आणि आताच्या लॅपटॉपात ती आलीच नाही. तुमच्या बायोसमध्ये असेल तर दहा-दहा मिलिव्होल्टनं उतरवा आणि प्रत्येक पायरीला तासभर रेंडर चालवून बघा. त्यासाठी विंडोजची मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बंद करा असं कोणी सांगेल. क्लायंटची लग्नं माझ्या डिस्कवर असतात, मी ती बंद केली नाही.

नुसतं टायपिंग, मेल, अपलोड असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे जोर लावल्यावरचा जादा वेग, बंद होतो, पंखा झोपतो. रेंडरला मात्र हे फारच मंद. आणि एडिट करताना मूळ फोरकेऐवजी प्रॉक्सी फाइलींवर, म्हणजे त्यांच्या हलक्या प्रतींवर, काम करा. टाइमलाइन सरकवताना उगाच तापणारा प्रोसेसर त्यानं शांत होतो.

होळीनंतर कूलरच्या ताट्या बदलायचा दिवस आमच्याकडे ठरलेला असतो. त्याच दिवशी लॅपटॉपही उघडते, पंखे पुसते, चाचणी लावते. यंदा ०.९७ आला. १.१ होईपर्यंत शीटला हात लावायचा नाही असं ठरवलंय. उरलेला तुकडा फ्रिजमध्ये लिंबाच्या लोणच्यामागे आहे, आणि सासूबाईंनी एकदा फेकायला काढल्यापासून डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: लॅपटॉपचं औषध.